बायकोची रजा

ता. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी चक्रावून गेलोय, म्हणून खुशाली न विचारताच लिहितोय. काल दुकानात विमा कार्यालयाचं पत्र आलं, तुझ्या भावजयीच्या नावाने! हाताच्या दुखण्यासाठी तिची तीन आठवड्यांची रजा भरपाईसकट मंजूर. अगं, आपलं बाइंडिंगचं घरचं दुकान. इथे कोण कोणाला रजा देतं? पत्ता चुकला म्हणून परत पाठवायला निघालो, तर ती शांतपणे म्हणाली की पत्र तिचंच आहे. वर्षापूर्वी जाऊन तिने स्वयंरोजगारवाल्यांच्या ऐच्छिक विम्यात नाव घातलं. धंदा लिहिलाय पुस्तकबांधणी! सतरा वर्षं धंदा माझा. ती फक्त हाताखाली पानांच्या जुड्या, फर्मे शिवते. बोटं बधिर होतात म्हणे. तूच तिला समजाव.

तुझा हबकलेला,
धाकटा

ता. ९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आता हबकायची पाळी माझी. बोटांचं ती मला दोन महिने सांगतेय, आणि शेजारी बसून तुला दिसलं नाही?

विम्याचं तिच्या डोक्यात मीच घातलं. माझं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात विचारलं, बाई काय काम करतात. तुझे भावोजी म्हणाले, काही नाही, घरीच असते. आमच्या लाँड्रीतली इस्त्री वीस वर्षं कोण करत होतं रे? नोकरीवाल्यांच्या आजारपणाचं, म्हातारपणाचं मालक बघतो. आपलं आपणच बघायचं. मी चार महिने हात गळ्यात अडकवून बसले आणि कागदोपत्री माझं काहीच बुडलं नव्हतं. तिचं तसं होऊ द्यायचं नव्हतं मला.

तीन आठवडे सुई तूच धर. मग कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

ता. ३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धरली. शाळेच्या हजेरीपुस्तकात जानेवारीच्या आधी मार्च आला आणि दुसऱ्याच दिवशी पानं सुटली. मुख्याध्यापकांनी विचारलं, तुमचा नेहमीचा कारागीर कुठे गेला? सतरा वर्षं तो कारागीर मीच आहे असं समजत होतो. फार लाज वाटली गं.

काल मीही विम्याचा अर्ज भरायला गेलो. नमुन्याला तिच्या अर्जाची प्रत नेली होती, ती रांगेत उभ्या उभ्या पहिल्यांदा वाचली. 'आपल्या कमाईवर अवलंबून असलेल्या व्यक्ती' या रकान्यात एकच नाव आहे. माझं. माझ्या अर्जात तो रकाना मी अजून कोराच ठेवलाय. तिला विचारून भरीन.

लोभ आम्हा दोघांवर राहू दे, आधी तिच्यावर.

तुझा, आणि तिच्यावर अवलंबून असलेला,
धाकटा