आबांच्या कपाटाला करवत लावशील तर

चि. धाकट्यास,

सुतार बोलवायला तुला कुणी सांगितलं? आधी ते सांग, मग आशीर्वाद घे. (घेतलास? बरं. घरात सगळे बरे असतील. तुझी पाठही बरी असेल, कारण परवा तू नुसता उभा राहून हमालांना "सावकाश, सावकाश" म्हणत होतास, त्याने कुणाची पाठ धरत नाही.)

आतल्या खोलीतून काढताना कपाट दारात अडकलं हे कबूल. माप मीच घेतलं होतं, सुतळीने. रुंदी बरोबर होती, खोल किती ते बघायचं राहिलं. पण त्यात एवढं काय? आपले आबा पन्नास वर्षं लोकांच्या दारांची मापं घेत फिरले, आणि हे कपाट आतल्या खोलीत बसून बनवलं ते दारातून जाणार नाही, हे त्यांना पॉलिश वाळल्यावर कळलं. आजी हसून हसून खाली बसली. आबा म्हणाले, "बाहेर न्यायचंय कुणाला?" (हे मला परवा कपाट अडकल्यावर आठवलं.) ते सुतार असून चुकले, मी तर चार यत्ता शिकलेली बाई. तुझी बायको तीन तास आत कोंडली, तिला चहा खिडकीतून द्यावा लागला, याचं मला वाईट वाटतं. (फार नाही. "वन्स, तुमचं आपलं काहीतरीच" असं ती आतून पाच वेळा म्हणाली.)

आता म्हणे शुक्रवारी कापून टाकतोस, पलंगाला जागा हवी. अरे, तू तेव्हा पाळण्यात होतास, तुला काय ठाऊक! मी रागावले की त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात शिरायची आणि आतून दार ओढून धरायची. आई धपाटे घालायला निघाली की आबा म्हणायचे, "राहू दे गं, तिचा राग पिकतोय." एक दिवस गिरमिट घेऊन आले आणि त्या कोऱ्या सागवानी दाराला माझ्या नाकाच्या उंचीवर तीन भोकं पाडली. का, तर पोरीला वारा लागावा! मग बाहेर रंधा मारत बसायचे आणि मधूनच एक शेंगदाणा भोकातून आत सोडायचे. सातव्या-आठव्या दाण्याला माझा राग जायचा. (दहापर्यंत मी मुद्दाम बसायची.) मला दटावून गप्प करणारे पुढे पुष्कळ भेटले. माझ्या रागापायी स्वतःच्या हातचं काम बिघडवणारा तो एकच माणूस.

तेव्हा भिंत पाड. गवंडी माझ्या ओळखीचा आहे, दाराशेजारच्या विटा काढून पुन्हा लावून देईल. कपाट मी नेते.

तुझी,
मोठी ताई

ता. क. माझ्याकडे कपाट ठेवायला जागा नाही, हे आत्ता उठून बघितलं. भिंत राहू दे. कपाटही राहू दे. पलंग आडवा टाक.

आणखी ता. क. परवा कपाट परत जागेवर गेलं आणि तुम्ही सगळे हात धुवायला गेलात, तेव्हा मी खालच्या कप्प्यात बसून पाहिलं. गुडघे पोटाशी घेतले की अजून मावते. भोकं आता गळ्याशी येतात. बायकोला सांगू नकोस.

शेवटचा ता. क. तुझं उत्तर आलं नाही तर शुक्रवारी सुताराच्या आधी मी येऊन आत बसणार आणि दार ओढून धरणार. शेंगदाणे भाजून ठेव, आता दहावर भागायचं नाही. तेव्हा गुरुवारपर्यंत काय ते कळव.