कातडी पट्टीखालचा पत्ता

जुने शहर, अकोला
४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. वामनआबाजींना, प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र टेबलाच्या खणात झोपलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून फोन न करता लिहिते. फोनवर मी हॅट म्हटलं तर तुम्ही खाट ऐकाल आणि सुताराकडे जायला सांगाल.

यंदा आमच्या कॉलेजच्या नाटकात एक कापसाचा दलाल आहे, काळ १९५५ चा. त्याच्यासाठी खरी फेल्ट हॅट शोधत अख्खं अकोला पालथं घातलं. शेवटी परवा मोर्णेच्या पुलाजवळच्या कबाडीकडे, पितळी घंगाळाखाली, एक तपकिरी हॅट मिळाली. काठ जेमतेम दोन इंच, काळी फीत, आत कातडी पट्टी. कसरीने खाल्लेलं एक भोक कुणीतरी सुरेख रफू केलं आहे. तुम्ही चाळीस वर्षं लोकांच्या हॅटा धुतल्या, लाकडी साच्यावर चढवल्या. आता सांगा, ही कोणत्या सालची? पाच फोटो सोबत आहेत.

आजीचे गुडघे तसेच आहेत. हॅट पाहून ती म्हणाली, तुझे आजोबा अशीच घालायचे. त्यांच्याविषयी, तुमच्या दादांविषयी, ती आपणहून बोलली, असं मला आठवत नाही. सत्तर सालच्या पुरात सिपना नदीत त्यांचा ट्रक वाहून गेला, तेव्हा बाबा तीन वर्षांचे होते. आता बाबाही नाहीत, तेव्हा विचारणार कोणाला?

प्रकृतीला जपा आणि नातीला उत्तर लवकर धाडा.

तुमची,
प्राजक्ता

*

अमरावती
११ ऑगस्ट २०२५

चि. प्राजक्तास अनेक आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाले. हॅटचं वय काठावरून कळतं. चाळीस-पन्नासच्या सुमारास काठ रुंद असत, साठनंतर आखूड झाले. शिवाय आत अस्तरावर पारदर्शक प्लास्टिकची टिकली दिसते, ती जुन्या मालात नसायची. केस सशाचे आहेत, माल चांगला आहे. साल १९६२, फार तर ६४. तुमच्या नाटकाला सात-आठ वर्षं पुढची झाली, पण पहिल्या रांगेत बसणारे काही काठ मोजायला येत नाहीत.

ब्रश नेहमी एकाच दिशेने फिरव. पाणी लावू नकोस. आतली कातडी पट्टी उलटवायच्या भानगडीत तर मुळीच पडू नकोस, जुनं कातडं बिस्किटासारखं तुटतं. नाटक झालं की हॅट माझ्याकडे पाठवून दे, नीट करून इथेच ठेवीन. घरात ठेवली तर कसर लागेल.

गं. भा. सुभद्रावयनींना नमस्कार सांग. आजीसमोर हॅट बाहेर काढत जाऊ नकोस. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास.

तुझा,
वामनआबाजी

*

अकोला
१९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. वामनआबाजींना, प्राजक्ताचा नमस्कार.

तुम्ही नको म्हटलेलंच मी केलं, त्याबद्दल रागावा. कातड्यावर तेलाचं बोट फिरवून ते मऊ केलं आणि पट्टी उलटवली. एक टाकाही तुटला नाही.

आत मागच्या शिवणीपाशी दुकानाची कागदी चिठ्ठी आहे. काळबादेवीचा पत्ता आणि पुढे बॉम्बे ४०० ००२. आमच्या ग्रंथालयातल्या शुभमला पोस्टाच्या तिकिटांचा नाद आहे. त्याने ते आकडे पाहिले आणि सांगितलं, की सहा आकडी पिनकोड १९७२ च्या ऑगस्टात सुरू झाला. त्याआधी पत्त्यात नुसतं बॉम्बे २ असायचं. म्हणजे ही हॅट बहात्तरच्या आधीची असूच शकत नाही.

चिठ्ठीच्या खाली कातड्यावर शाईने नाव लिहिलं आहे. शा. न. अढाऊ.

मी आधी स्वतःला समजावलं, की आजोबांच्याच, शालिकराम नत्थुजी अढाऊ या नावाचा दुसरा कोणी असेल. आजोबांची हॅट तर सिपनेकाठच्या झुडपात सापडली होती, आणि देह मिळाला नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याच्यासोबत ती जाळली होती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मग मी कबाडीकडे परत गेले. तो म्हणाला, माल बऱ्हाणपूरचा, एक जुनं घर पाडलं तिथला. त्या घराचा पत्ताही त्याने दिला.

आणखी एक. फितीवर चार सरळ टाके आणि एक तिरपा, अशी शिवण आहे. बाबांची काळी टोपी तुम्ही शिवून दिली होती ना, ती पेटीतून काढून शेजारी ठेवली. तिच्यावरही चार सरळ आणि एक तिरपा.

आबाजी, फोटो पाहताच तुम्हाला कळलं होतं ना? तुमचं पत्र आल्यापासून आजीने दोनदा विचारलं, वामनभाऊजींनी काय साल लिहिलं म्हणून. दोन्ही वेळा मी बासष्ट सांगितलं. तिसऱ्यांदा मला सांगता येणार नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
प्राजक्ता

*

अमरावती
३ सप्टेंबर २०२५

चि. प्राजक्तास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहून फाडलं.

टाका माझाच आहे. फोटोवरून ओळखला. फीत मी बदलली, रफूही मीच केलं. साल १९७६, दिवाळीनंतरचे दिवस. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एक माणूस हॅट घेऊन आत आला आणि साच्यावर चढवून पाहिजे म्हणाला. मान वर केली तर दादा.

तो परतवाड्याला लाकडाच्या डेपोत कारकून होता, हे तुला माहीत असेल. त्या पुराच्या दिवशी तो ट्रकमध्ये नव्हताच. धारणीला उतरला आणि हॅट सीटवर विसरली. ट्रक परतताना वाहून गेला, ड्रायव्हर मेला, आणि दादाने दोन दिवसांनी ऐकलं की आपणही मेलो. बऱ्हाणपुरात त्याचं दुसरं घर आधीपासून होतं. तो तिकडेच राहिला.

सहा वर्षांनी तो किशोरला, तुझ्या बाबांना, पाहायला आला होता. एकदाच बघतो, लांबून बघतो म्हणत होता. वयनींसमोर जायचीही त्याची तयारी होती, काय म्हणतील ते ऐकून घेईन म्हणाला. त्या वेळी वयनी बालवाडीत शिकवत होत्या, किशोर तिसरीत होता. मी सारा वेळ त्याची हॅट शिवत राहिलो, कारण हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती. शिवून झाल्यावर ती त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "तुह्या पोराले बाप नाही, हे त्याले एकदा शिकवलं आमी. आता पुन्हा नको शिकवू."

तो गेला. पुन्हा आला नाही. मी कोणालाच सांगितलं नाही, तुझ्या वच्छलाआजीलाही नाही.

तेव्हा मला वाटलं, मी घर वाचवलं. पण त्र्याण्णव साली किशोरचं लग्न झालं. मांडवात देवकापुढे आईबापाच्या जागी मी आणि वच्छला बसलो आणि वयनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. अक्षता टाकताना माझी नजर तिकडे गेली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो. किशोर गेला तेव्हाही नाही.

या पत्रात वयनींच्या नावाआधी गं. भा. लिहावं की सौ., ते कळेना, म्हणून नुसतं वयनी लिहिलं आहे. पत्र त्यांना वाचून दाखव किंवा नको दाखवू. आता माझ्या सांगण्याने काही करू नकोस.

वामन

*

जुने शहर, अकोला
३० सप्टेंबर २०२५

वामनभाऊजींना सुभद्राचा नमस्कार.

प्राजक्ता लिहून देतो म्हणत होती. मी म्हणलं, लेकरायले अक्षरं शिकवली मी, माहं पत्र मीच लिहीन. जसं बोलते तसं लिहून राहिली. अक्षर वाकडं आहे, समजून घ्या.

तुमचं पत्र पोरीनं मले पूर्ण वाचून दाखवलं. दोन दिवस मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मंग तिले म्हणलं, मले बऱ्हाणपूरले घेऊन चाल. गुडघ्यायचं पाहून घेऊ.

जुनं घर पाडलं आहे, पण तुमच्या दादाची पोरगी त्याच गल्लीत राह्यते. वर्षाली नाव तिचं, पन्नाशीची असन. तिले आमचं काहीच माहीत नव्हतं. बापानं सांगतलं होतं का मले कोनीच नाही. तिची माय आधीच गेली, अन् तो दोन हजार एक साली गेला, दम्यानं. तिनं फोटो दाखवला. म्हातारा झाला होता. मी त्याले म्हातारा कधी पाहिलाच नव्हता, म्हनून खूप वेळ पाहत राहिली. किशोर शेवटी शेवटी तसाच दिसत होता.

वर्षाली रडत होती. हॅट चुकीनं कबाडात गेली, बापाची तेवढीच एक वस्तू होती म्हने. मी पोरीले सांगून हॅट तिले देऊन टाकली. मी वळखत होती तो मानूस सत्तर साली आमी जाळला. ही हॅट त्याच्या नंतरच्या मानसाची आहे, अन् तो तिचा बाप होय.

प्राजक्ता तुमच्यावर रागावली आहे. तिच्या नाटकाले कागदाची हॅट चालली. तिचा राग उतरन का नाही, मले सांगता येत नाही, अन् मी तिले समजावनारही नाही.

लग्नाचं तुमी लिहिलं. त्या दिवशी दाराआडून मले मांडव दिसत नव्हता, फक्त वाजा ऐकू येत होता. अक्षता मी स्वयंपाकाच्या तांदळातून मुठभर घेऊन तिथूनच टाकल्या. कोनाले माहीत नाही ते. पन त्याचा दोष एकट्या तुमाले देत नाही. मले आत उभं करनारे खूप होते.

माहं म्हननं दुसरं आहे. तो आला होता अन् माह्या समोर यायले तयार होता. मी त्याले घरात घेतलं असतं का दारातून हाकललं असतं, का नुसतीच पाहत राह्यली असती? महिना होत आला, मी रोज इचार करते. तेव्हा मी तीस वर्षाची होती. त्या बाईले मी आता इचारू शकत नाही. तिनं काय केलं असतं ते मले माहीत नाही, अन् आता कधीच माहीत होनार नाही. तुमी माह्यापासून तेवढं नेलं.

वयानं लहान अन् नात्यानं दीर आहा, म्हनून आशीर्वाद लिहिते. तब्बेतीले जपा. भेटाले येऊ नका.

सुभद्रा