बाहेरचा जिना

९ जाने., शुक्र.
मिस्सा, मग अल मन्सूराला मासे. हलवा बरा मिळाला.
रियाला शाळेचं प्रोजेक्ट: आपल्या घराचा इतिहास. दोहातलं, मुऐदरचं हे घर भाड्याचं, खाली मालक अबू राशिद, वर आम्ही. याचा कसला इतिहास? म्हटलं, आपलं वांद्र्याचं लिही. राणीच्या राज्यात आगगाडी आली, आमच्या पाखाडीतले, म्हणजे वाडीतले, शेतकरी मुंबईच्या कोटातल्या हापिसांत कारकून झाले, त्या पगारावर ही घरं उठली. कौलं, लाकडी खांब, पुढं ओटी. आणि जिना घराबाहेरून.
"व्हाय आउटसाइड, डॅडी?"
वरची खोली भाड्याने द्यायची म्हणून. भाडेकरूनं मालकाच्या जेवणाच्या टेबलाला वळसा घालून का जावं?
पोरगी खिडकीतून आमच्या लोखंडी जिन्याकडे बघत राहिली. "सो, लाइक अस."
हुशार. आईवर गेलीय.

१३ जाने.
फिलूबायला फोन. वांद्र्याहून बहीण सांगते, बिल्डरचा माणूस परत येऊन गेला. शेजारचे सगळे तयार, आपलंच घर राहिलंय. बहीण-भाऊ दोघांच्या सह्या हव्यात.
"तुझा काय म्हणणा, इनास?"
"तुझं ते माझं, बाय."
"मग राहू दे."
बरं वाटलं. तिचा जन्म त्या घरात गेला, आता एकटी का होईना, राज्य करते. मी कोण हलवणारा? शिवाय रिटायर झाल्यावर वरच्या खोलीत मी, खिडकीशी खुर्ची, वगैरे.

२३ जाने., शुक्र.
प्रोजेक्टात वांद्र्याच्या जिन्याची तिसरी पायरी घातली. पाय पडला की कुईंऽ करते. मी सुतारकी शिकलो तेव्हा पहिली तीच ठोकायला निघालो, तर बाबांनी हातोडी काढून घेतली. "अरे, तो आपला वॉचमन! भाडेकरू किती वाजता आला, पिऊन आला का, सगळं सांगतो." त्यांच्या आजोबांनीही ती तशीच ठेवलेली म्हणे. पाखाडीत बऱ्याच घरांना अशी एक पायरी.
रियाला आवाज रेकॉर्ड करायचा. फोन स्पीकरवर. "आंटी, प्लीज, वन टाइम."
फिलूबाय: "आता नको गो पोरी. जिना ओला हाय."
जानेवारीत? वांद्र्यात?

२४ जाने.
लुसैलच्या ऑफिसात पॅनेलिंगचं शेवटचं काम. हाताखालची पोरं विचारतात एक, मी सांगतो भलतंच. डोक्यात फोन. पूर्वी बोलता बोलता फिलूबाय झोपायला वर जायची, मधेच कुईंऽ. हल्ली नाही. हल्ली मागे रिक्षा. आणि कुणीतरी जाता जाता, "झोपली का गो, फिलू?"
रस्त्यावरून जाणाऱ्याला ती झोपलेली दिसते कशी?

२५ जाने.
सरळ विचारलं. सप्टेंबरातल्या जत्रेपासून गुडघे वर चढू देत नाहीत. खाली आत कोंदतं, म्हणून ओटीवर खाट टाकलीय. "वारा येते. बरा हाय."
"मग बिल्डरला नाही का म्हणालीस? लिफ्ट मिळाली असती!"
"तूच बोलतो ना, येऊन वर राहीन. तुझा घर मी कशी मोडू?"
"अगं, मी तर तुझ्यासाठी अडवून धरलं!"
 मागे रिक्षा. मग ती हसत सुटली. "येडे रे आपण. बाबांचेच."
बायको भाजी चिरत ऐकत होती. "अबू राशिदच्या आईला खाली खोली बांधून दिलीस. सख्खी बहीण ओटीवर. वा, मोठे काँट्रॅक्टर."
 चहा मागितला, मिळाला नाही.

६ फेब्रु., शुक्र.
हिशेब पैशाचा नाही, घराचा. ओटीची एक बाजू बंद केली तर खोली आणि बाथरूम आरामात होईल. पण वासे कुजलेत, मला ठाऊक आहे. आणि भोवती टॉवर उठले की मधल्या कौलारू घरात ऊन येणार कुठून? फिलूबायला ओटीवर बसून येणारेजाणारे हवेत. आठव्या मजल्यावर तिला कोण विचारणार, झोपली का गो?
खाली मजलिसमध्ये, त्याच्या बैठकीच्या खोलीत, अबू राशिदला सांगितलं. त्याने गावा, अरबी कॉफी, ओतली. "मेरा बाप का घर, खलास. विला बनाया. अच्छा है, एसी है."
मग कोपऱ्यात बोट दाखवलं. भिंतीला टेकवलेला जुना दरवाजा, खिळे मारलेला. सहा वर्षं बघतोय, सुतार असून कधी विचारलं नाही.
"दरवाज़ा रखा," म्हणाला. अच्छा है म्हणाला नाही.

१२ फेब्रु.
उद्याचं विमान. बॅगेत मी मापाचा टेप ठेवला. बायकोने चष्मा ठेवला, सही करायची झाली तर लागेल म्हणून. दोन्ही राहू दिलं.
फिलूबायला फोन. काय आणू? खजूर. मऊवाले, दात नायत. फिशवाली कशी भांडली ते सांगत होती, आणि मधेच
कुईंऽ.
"बाय! कुठं चाललीस?"
"तुझी खोली झाडून येते. धूळ बसली."
"खाली उतर आधी!"
"उतरायला आधी चढू तर दे."
"डॅडी, दॅट्स इट! रेकॉर्ड इट!" रिया माझ्या हाताला लोंबकळतेय.
तिसरीच्या वरच्या पायऱ्यांना आवाज नाही. फोन कानाला दाबून उभा राहिलो.