डावा हात

नाशिक, दवाखान्यातून

चि. उमेश,

आईला पेसमेकर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी तू पुण्याला पळालास. जाताना इंग्रजी कागद दिलास. "अप्पा, नीट वाचा." मी तिसरीत शाळा सोडली, हे तुला माहीत होतं. तरी मी मान हलवली.

येवल्यात घरी आलो तर पैठणी अर्धी राहिली होती, म्हणून आई मागाच्या खड्ड्यात उतरली. चाळीस वर्षं ओढतो तसंच मी डावा हात धरून तिला वर ओढलं. हृदयातली वायर सरकली. तो हात उचलायचा नव्हता, हे डॉक्टर ओरडले तेव्हा कळलं.

ती डॉक्टरांना म्हणाली, "मीच उचलला." मी पुन्हा मान हलवली.

उद्या पुन्हा ऑपरेशन. नर्सने तसलाच कागद दिलाय. आई म्हणते, "उमेशला विचारा की."

"वाचलाय मी," म्हणालो.

हे न पाठवणारा,
अप्पा