खिडकीखालचा वायरलेस

आई, गेल्या आठवड्यात मला तुझा हेवा वाटला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हेवा वाटायला मला तूच सापडलीस.

आपलं क्वार्टर फायर ब्रिगेडच्या मागे होतं. कंट्रोल रूमची खिडकी बरोबर आपल्या ओट्यासमोर. तू भाकऱ्या थापतेस आणि तिकडून वायरलेसवर बाबांचा आवाज येतो, "पोचलो. धूर आहे. पाणी सुरू करतोय." तू मान वर करत नाहीस, फक्त थापायचा वेग जरा वाढतो. "परत निघालो" असं ऐकलं की तू कुकर चढवायचीस, म्हणून बाबांना कायम गरम भात मिळाला. शेजारणी धावत तुझ्याकडे यायच्या आणि तू रुबाबात सांगायचीस, "बोलला गं तुझा नवरा आत्ताच. जा, जेवून घे." एकदा कसब्यातल्या लाकडाच्या वखारीला आग लागली आणि बाबांचा आवाज मधेच थांबला. तू गॅस बंद केलास, खिडकीचे गज धरलेस, आणि ते पुन्हा बोलेपर्यंत माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तेव्हा मला तुझी कीव आली होती. आता त्याही दिवसाचा हेवा वाटतो. घाबरायचं कधी, हे तुला नेमकं कळत होतं. मी मात्र नवऱ्याच्या सबंध ड्यूटीभर थोडं थोडं घाबरते.

कारण मीही बंबावरचाच नवरा केला, आणि आता बाहेरच्या कुणाला काही ऐकू येत नाही. नवे सेट आलेत. बोलणं त्यांच्यातच कुलूपबंद होतं. ज्या सेटला परवानगी त्याला शब्द, बाकीच्यांना नुसती खरखर. हे म्हणतात, ते बरंच झालं. लोक सेट विकत घेऊन ऐकत बसायचे, बंबाच्या आधी गर्दी पोचायची. एका घराला तर आपला मुलगा गेल्याचं असं ऐकणाऱ्या कुणा परक्याकडून कळलं. तरी म्हटलं, "मग मी काय बाहेरची?"

"सेटच्या हिशेबानं, हो," हे म्हणाले, आणि बूट घालायला लागले.

त्याच दुपारी शहराच्या टोकाला मांजरी गावात गोदाम पेटलं. कुणीतरी फोनवर व्हिडिओ पाठवला: भिंत कोसळतेय आणि मागून कोणी ओरडतंय, "आत माणसं आहेत, फायरवाले आहेत!" यांचा फोन नेहमीप्रमाणे लॉकरमध्ये. मी सदाशिव पेठेतून स्कूटर काढली ती थेट कंट्रोल रूमला. दाराला काच. आत कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी, नागपूरकडची, आमच्या लेकीच्या वयाची. "काकू, बाहेर थांबा ना जी," म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी काचेतून तिचे ओठ बघत राहिले. ती ऐकत होती, उत्तरं देत होती, आणि मधेच चक्क हसली. माझा नवरा जिवंत आहे की नाही हे त्या पोरीला माहीत होतं आणि मला नव्हतं. आई, मला इतका जळफळाट आयुष्यात कधी झाला नव्हता.

मग तिनं दार उघडलं. "काका बाहेर आले. आत गेलेले दोघेही."

"काय म्हणाले?"

"ते नाही सांगता येत, काकू. हेही सांगायला नको होतं."

संध्याकाळी काजळी भरल्या तोंडानं हे घरी आले. मी कंट्रोल रूमला गेल्याचं यांच्या कानावर आलंच होतं. "तिनं काही सांगितलं का तुला? नियमात बसत नाही ते. नोकरी जाईल तिची."

"नाही. मीच चेहऱ्यावरून ओळखलं." थोड्या वेळानं विचारलं, "तुम्ही असं काय बोललात, की ती हसली?"

"पाणी मागितलं. दुसरं काय बोलणार?" एवढं म्हणून हे अंघोळीला गेले. म्हणजे ते वाक्य अजूनही तिच्याकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी यांच्या डब्याबरोबर तिच्यासाठी अळूवड्या दिल्या. "हे काय नवीन?" यांनी विचारलं. म्हटलं, एकटी राहते, घरचं खायला मिळत नसेल.

तू इथे असतीस तर तुलाही हेच सांगितलं असतं. पण हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहिते: अळूवड्या मायेनं दिल्या नाहीत. पुढच्या वेळी तिनं दार जरा किलकिलं ठेवावं, म्हणून दिल्या.