नाक मोकळं झालं तेव्हा

पनवेल, बुधवार, १२ जानेवारी १९९४. संध्याकाळ.

दमले आज. पण लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही.

थंडी पडल्यापासून नाक बंद आहे. त्यात न्हावा शेवा बंदराच्या ट्रकांची धूळ, खिडकी लावली तरी आत येतेच. आज ह्यांनी केमिस्टकडून नाकात मारायचा स्प्रे आणला. मारला, आणि थोड्या वेळात नाक खरंच मोकळं झालं. किती बरं वाटलं! तशीच सासूबाईंचं आवरायला गेले.

त्यांना कुशीवर वळवलं, पाठीची जखम उघडली आणि तो वास आला. एवढा? रोज हा असाच होता? माझं तोंड आपोआप फिरलं. हे त्या वेळी गॅलरीत जाऊन का उभे राहतात, ते आज कळलं.

ह्या थंडीत अंथरुणाला खिळल्यापासून सासूबाईंना माझंच कौतुक. परवा नणंद पदर नाकाला लावून बसली, तर तिला म्हणाल्या, "सुमनला बघ. कधी तोंड वाकडं करत नाही." मला वासच येत नाही, हे सांगणार तरी कसं?

आज त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "राहू दे गं आज. दमली असशील."

स्प्रे फळीवर ठेवलाय, ह्यांच्या दाढीच्या सामानाशेजारी. त्याचा काय दोष? उद्यापासून सासूबाईंचं आवरून झाल्यावरच मारीन.

पण उपयोग काय? आता त्या रोज मान वळवून बघणार.