भिकुबाईने मागितलेली वार

धुळे,
ता. १२ जानेवारी १९८८

ती. पुष्पाअक्कास,
अभिमनचा शि. सा. न. वि. वि.

पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला धुळ्यात आलो आहे. आदिवासी रुग्णांशी कसे बोलावे, त्यांच्या रीती कशा समजून घ्याव्यात, असा विषय. आम्ही वीस डॉक्टर, शिकवणारे साहेब पुण्याचे. काल त्यांनी सांगितले, बाळंतिणीची वार घरच्यांनी मागितली तर द्यावी. ती दाराशी पुरल्याशिवाय बाळ घरचे झाले असे ते मानत नाहीत. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले. मीही.

तुला कळवले नव्हते. वैशाखात जवळच्या पाड्यावरच्या भिकुबाईची थोरली सून आमच्या दवाखान्यात बाळंत झाली. म्हातारी वार मागत होती. मी घाण म्हणालो आणि खड्ड्यात टाकायला लावली. कार्तिकात धाकट्या सुनेला बाळंतपणासाठी तिने आणलेच नाही. पोरगी घरात रक्त जाऊन गेली. त्यांचा पाडा दवाखान्यापासून दहा मिनिटांवर आहे.

मला रडू येत नाही, अक्का. जेवतो, झोपतो. राजीनामा लिहून ठेवला आहे.

अजून लोभ वाटत असेल तर वाटू दे.
तुझा अभिमन


वरणगाव,
ता. १८ जानेवारी १९८८

चि. अभिमन यास,
पुष्पाअक्काचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टर झाल्यापासून तुझे अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे झाले आहे, तरी दोनदा वाचले. रागही आला.

तुझी वार आपल्याच दाराशी पुरलेली आहे. दाईने आणि मी पुरली. मी बारा वर्षांची होते. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दोन दिवस तिथेच बसून राहिले. शिकलेल्या भावाला हे काय सांगायचे, म्हणून गप्प बसले. ते माझे चुकले.

राजीनामा पाठवू नकोस. नवा येणारा तीच चूक पुन्हा करील. त्या बाईच्या घरी जा.

जेवणाची आबाळ करू नकोस. इकडचा जीव तुझ्यात आहे.
तुझी अक्का


मु. दवाखाना,
ता. २१ फेब्रुवारी १९८८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भिकुबाईकडे जाऊन आलो. माझी चूक झाली म्हणालो, पुढे मागाल ते देईन म्हणालो. ती भुईमूग निवडत होती, निवडत राहिली. बस म्हणाली नाही. परत आलो आणि नेहमीसारखी रुग्णांची रांग तपासली.

परवा ती आपल्या लेकीला, ताईबाईला, घेऊन आली. रक्त बरेच गेले, पण थांबवता आले. मुलगा झाला. दोघे बरे आहेत. वार मी स्वतः मडक्यात घालून भिकुबाईच्या हातात दिली. बरे वाटायला हवे होते, पण काहीच वाटले नाही.

मडके पदराखाली घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "डॉक्टर, तवय काबरं नही दिनी?"

थोरलीच्या वेळी का नाही दिली, एवढेच विचारले; आवाजात राग नव्हता. ती उत्तरासाठी थांबली होती. मग पाड्याकडे गेली.

तुझी माया आहेच, ती मागत नाही.
तुझा अभिमन